अर्धा झाकला तरी

"कुणी हलवली ही टाचणी?"

बाबा पुटपुटले. मला ऐकू जावं म्हणून नव्हे. आमच्या कारखान्यात दोन माणसं पाठीला पाठ लावूनच बसू शकतात, त्यामुळे एकाचं पुटपुटणं दुसऱ्याच्या मानेवरच पडतं. "एक वस्तू जागेवर राहील तर शपथ. टाचणीला काय पाय फुटले?"

टाचणी कुणी हलवली नव्हती. ती आपली लाकडी ठोकळ्यावर ताठ उभी होती, बाबांच्या नाकापासून वीतभरावर. मी वळले, ठोकळा उचलला, आणि होता तिथेच जरा आपटून ठेवला, आवाज होईल असा.

"मीच सरकवली होती बाबा, झाडताना. चुकलं."

"सांगत जा," असं म्हणून बाबांनी आवाजाच्या रोखाने हात नेला आणि टाचणी धरली.

बाबा म्हणजे माझे सासरे. कारखाना हा आमच्या ह्यांचा शब्द. प्रत्यक्षात घराच्या मागची एक लांबट खोली, तिच्यात एक भट्टी, दोन बाकं आणि भिंतभर फळ्या. आम्ही वाकडे आरसे करतो. लोक हसतात म्हणून पुढचं लगेच सांगते, वाकडे म्हणजे गोलाईचे. फुगीर आरसे रस्त्याच्या वळणावर आणि गाड्या ठेवायच्या तळघरात लागतात, खोल आरसे दाढीला. आणि वर्षाकाठी थोडे असतात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे. तळहाताएवढा खोल आरसा, मधोमध भोक, कपाळावर पट्ट्याने बांधायचा. दिवा रोग्याच्या मागे ठेवायचा. आरसा त्याचा उजेड गोळा करून नेमका घशात सोडतो आणि डॉक्टर भोकातून आत बघतात. हल्ली बहुतेक डॉक्टर कपाळाला दिवाच बांधतात. आरशाला चिकटून राहिलेत ते म्हातारे, आणि तेही आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

खोल आरसा साधला की फसला, ते टाचणी सांगते. लांब फळीच्या एका टोकाला आरसा उभा करायचा आणि टाचणी मागे मागे सरकवत न्यायची. एका जागी आल्यावर आरशासमोर हवेतच दुसरी टाचणी दिसायला लागते, उलटी, डोक्यावर उभी. हिचं टोक तिच्या टोकाला भिडवायचं आणि मग आपलं डोकं डावी-उजवीकडे हलवून बघायचं. दोन्ही टोकं एकमेकांना धरून राहिली तर आरसा चांगला. एकीने दुसरीला सोडलं, किंवा एका टोकाची दोन टोकं झाली, तर गोलाई कुठेतरी कलली. "लग्नासारखंच आहे," बाबा म्हणायचे. "समोरून बघून काय कळतंय? जरा बाजूला होऊन बघावं."

जो आरसा टाचणीला उतरला, त्याच्या पाठीवर, खालच्या कडेला, बरोबर मध्ये, बाबा काडीने लाल रंगाचा एक ठिपका द्यायचे. चाळीस वर्षांत ठिपक्याशिवाय आरसा घराबाहेर गेला नाही. दुकानदार आरसा हातात घेतला की आधी उलटा करतात. तोंड नंतर बघतात.

आता जे आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधले गेले. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. दारात कुणी आलं हे कळतं. त्याला तोंड आहे की नाही हे कळत नाही. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्ही ते आपापलं जमवलं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाशी बोलायला लागले, तेव्हा मला कळलं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, त्याच्या आधी कळलं असणार. आमच्या ह्यांना कधी कळलं ते विचारू नका.

न बोलण्याला कारण होतं. बाबांना ज्यांनी हे काम शिकवलं, त्या उस्तादांचे हात म्हातारपणी कापायला लागले. घरच्यांनी प्रेमाने त्यांना अंगणात एक खुर्ची दिली. बसा, आराम करा. बाबा महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जायचे आणि परत आले की त्या दिवशी जेवायचे नाहीत. "माणसाला खुर्ची दिली की माणूस संपला," एवढंच म्हणायचे. उस्ताद त्या खुर्चीत सहा महिने टिकले.

तेव्हा बाबांना खुर्ची द्यायची नाही, एवढं न बोलता ठरलं आमचं. पण दिसत नाही असं एकदा म्हटलं, की पुढचं वाक्य खुर्चीचंच येतं. म्हणून कुणीच पहिलं वाक्य म्हणत नव्हतं.

त्याऐवजी काय काय चाललं होतं म्हणाल, तर आई बोलक्या झाल्या. जन्मभर मोजून मापून बोलणारी बाई, पण दोन वर्षांपासून घरात एकटीच बोलत हिंडते. "हं, आला मेला उंबरा, माझे गुडघे!" "बाई बाई, बादली कुणी ठेवली ही वाटेत, डाव्या हाताला!" गुडघे ठणठणीत आहेत. बाबा पाठोपाठ येत असतात, एवढंच.

"तुझी सासू दिवसेंदिवस बडबडी होत चालली," बाबा मला म्हणायचे.

"वय झालं," मी म्हणायचे.

आमच्या ह्यांनी घर आणि कारखाना यांच्यामधल्या बोळात एक फुगीर आरसा ठोकला. कारण काय, तर मांजर येतं. आमच्या गल्लीत मांजर नाही. त्या आरशात स्वयंपाकघरातून अख्खा बोळ आणि निम्मा कारखाना दिसतो. आई पोळ्या लाटता लाटता त्यात बघतात आणि बाबा पायरीशी आले की गुडघ्यांच्या नावाने हाक घालतात. हे स्वतः फुगीर आरशांचं बघतात, बसवायलाही जातात, आणि स्वभावाने तसेच आहेत. फुगीर आरशात कुणी उलटं होत नाही, सगळे सरळ आणि लहान दिसतात, आणि आहेत त्याहून लांब. अंगावर आलेली गाडीही त्यात निवांत वाटते. ह्यांना काहीही सांगा, "बघू, अजून वेळ आहे." खोल आरशाचं तसं नाही. जवळ राहाल तर मोठे आणि सरळ दिसाल, जरा मागे सरकलात की धुरळा होतो तोंडाचा, आणि आणखी मागे गेलात की उलटे. संसारात मी या तिन्ही जागी उभी राहून आले आहे. हा माणूस मात्र कायम सरळ आणि लहान.

आणि मी काय करत होते, तर लबाडी.

बाबा सकाळी काच घासतात. भट्टीत मऊ होऊन साच्यावर खोलगट बसलेली काच लोखंडी घुमटावर उपडी ठेवायची, मध्ये एमरीची ओली पूड, आणि फिरवत राहायचं. हाताला सवय असली तरी शेवटचा जो केसभराचा फरक, तो डोळ्यांनी बघून घासायचा असतो. तो राहायला लागला. बाबा दुपारी जेवून आडवे झाले की मी ती काच घ्यायची, टाचणीवर बघायची, घासून सरळ करायची आणि होती तिथे ठेवायची. मग तिला चांदीचा मुलामा चढायचा, पाठीला रंग लागायचा, बाबा तपासायचे आणि ठिपका द्यायचे.

कसे तपासायचे, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. टाचणीची फळी ते मांडायचे, तिच्यापुढे बसायचे, डोकंही डावी-उजवीकडे हलवायचे. आणि मग "जरा उजेडात बघतो" म्हणून आरसा घेऊन अंगणात जायचे. ढगाळ दिवशी आरसे तपासायचा त्यांना कंटाळा यायचा. मग एकदा त्यांच्या डाव्या तळव्यावर मला लाल डाग दिसले, मसुराएवढे, पाच-सहा. मला वाटलं, काही चावलं. दुसऱ्या दिवशी बोळातल्या आरशात बघितलं. बाबा अंगणात आरसा उन्हाकडे धरून उभे होते, दुसरा तळवा समोर, मागे-पुढे, मागे-पुढे. एका जागी तळवा झटकन मागे आला. चटका बसला होता. सगळं ऊन जिथे एका टोकाशी गोळा होतं, ती जागा ते हाताने शोधत होते. मग खिशातून एक दोरा काढला. दोऱ्याला गाठ. आरशापासून चटक्यापर्यंत दोरा ताणला, गाठ बरोबर तळव्यावर आली, आणि बाबा एकटेच हसले.

मीही हसले बोळात, आणि मग पदर डोळ्याला लावावा लागला.

पण दोरा अंतर सांगतो. चित्र कसं येतं ते सांगत नाही. काच एका अंगाने कलली असली तरी चटका बसतोच.

हे सगळं मला कसं कळतं, असं कुणी विचारलं तर सांगते, चहामुळे. लग्न होऊन आले तेव्हा शाळेपलीकडे शिकले नव्हते. एकदा चहा घेऊन कारखान्यात गेले, तर बाबांनी खोल आरशासमोर दिवा लावला होता आणि समोरच्या भिंतीवर तोच दिवा उलटा, मोठा थोरला लटकत होता. मी कप हातात धरून बघतच राहिले.

"चहा ठेव आणि बस," बाबा म्हणाले. एक जाड पुठ्ठा घेतला. "याने मी आरशाचा खालचा अर्धा भाग झाकणार. भिंतीवरच्या दिव्याचं काय होईल?"

"अर्धाच दिसेल."

"नक्की?"

"नक्की. लहान पोरही सांगेल."

त्यांनी पुठ्ठा धरला. भिंतीवर दिवा पूर्णच्या पूर्ण होता. जरा मंद झाला होता, एवढंच.

"सगळे हेच चुकतात," बाबा खूश होऊन म्हणाले. "मीही चुकलो होतो, उस्तादांनी टपली मारली होती. आरशाचा एकेक तुकडा आपापलं पूर्ण चित्र काढत असतो आणि सगळी एकमेकांवर बसतात. तुकडे कमी झाले तर उजेड कमी होतो. चित्र नाही."

"मग डॉक्टरांच्या आरशाला मधेच भोक असतं ते?"

"त्याचंही तेच. भोक आरशाला असतं, चित्राला नाही."

चहा गार झाला. दुसऱ्या दिवसापासून मी दोन कप न्यायला लागले. पुढे लेकीच्या शाळेच्या पुस्तकात या सगळ्याच्या आकृत्या आल्या, किरणांच्या रेघांसकट. सगळं ऊन जिथे एका टोकाशी गोळा होतं त्या जागेला पुस्तकात नाभी म्हणतात, हे वाचून मला इतकं हसू आलं की लेक म्हणाली, आई, परीक्षा माझी आहे.

तर, टाचणीला पाय फुटले त्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला. कान-नाक-घसा, बाबांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, वयानेही बाबांच्या बरोबरीचे. त्यांचा आरसा पडून तडकला होता. रविवारी स्वतः येतो म्हणाले, नेहमीसारखं इथे लावून बघून नेतो.

फोन ठेवून बाबा माझ्या कानाला म्हणाले, "हा मी करणार. सगळा. घासण्यापासून ठिपक्यापर्यंत. तू हात लावायचा नाहीस."

"मी कुठे लावते?"

"नाही, आपलं सांगून ठेवलं."

त्या आठवड्यात काच त्यांनी सोडली नाही. दुपारी आडवे झाले तर ती फडक्यात गुंडाळून उशाशी. मुलामा त्यांनी चढवला, पाठीला रंग त्यांनी लावला. शनिवारी कडक ऊन पडलं, अंगणात तळवा पोळला, दोऱ्याची गाठ जुळली, आणि लाल ठिपका पडला. मग ते इतके गाढ झोपले, जसं एखादं पोर परीक्षा देऊन झोपतं.

मी आरसा टाचणीसमोर लावला. टोकाची दोन टोकं झाली. डोकं हलवलं तर दोन्ही दोन दिशांना निघून गेली.

घासताना जोर एका अंगाला पडला होता. मुलामा चढल्यावर आता घासून उपाय नव्हता. उद्या डॉक्टर हा कपाळाला बांधणार, उजेड घशात गोल पडण्याऐवजी फरफटलेला पडणार. आणि चाळीस वर्षं आमचे आरसे वापरलेला माणूस आरसा उलटा करून ठिपका बघणार. ठिपका गेला की बाबांची खुर्ची आली.

माझ्याकडे दुसरा आरसा तयार होता. होय, मला आधीच वाटलं होतं. सोमवारपासून आई "दळण आणायला गेली" असं सांगायच्या तेव्हा मी कारखान्याच्या मागच्या पडवीत बसून तो करत होते. टाचणीला सुईसारखा उतरला होता. राहिला होता फक्त ठिपका.

लग्न होऊन आल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत मी ठिपका दिला नव्हता. रंगाची डबी उघडली, काडी बुडवली, आणि बरोबर मध्ये टेकवणार तेवढ्यात आठवलं, बाबांचा हल्ली मध्ये पडत नाही. बोटभर उजवीकडे सरकतो. मग मीही बोटभर उजवीकडे दिला. चोरी करायची तर नीट करावी.

डबी बंद करताना बोळातल्या आरशाकडे लक्ष गेलं. त्यात स्वयंपाकघराच्या दारात आई उभ्या होत्या, बोटाएवढ्या. माझ्याकडेच बघत होत्या.

"मांजर आलं होतं वाटतं," आई आतून मोठ्याने म्हणाल्या. "गेलं, गेलं. झाकण घट्ट लाव गं डबीचं, वाळतो रंग."

बाबांचा आरसा मी कपाटात त्यांच्या लोकरी टोपीखाली ठेवला. फेकवेना. रात्री जेवताना ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "बघू. डॉक्टरांना तरी या वयात काय कळणार?"

रविवारी डॉक्टर आले. दारातूनच आवाज. "आहेत का आमचे आरसेवाले, की गेले वर?"

"या, या," बाबा म्हणाले. "कान कसे आहेत तुमचे?"

"लोकांचे छान आहेत. माझे गेले."

या दोघांचं असंच. डॉक्टरांनी आरसा कपाळाला बांधला. हे खुर्ची आणायला निघाले. आईंनी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे स्टूल घेऊन आले. बाबा स्टुलावर बसले. मागे दिवा लावला. डॉक्टरांनी आधी उजेड स्वतःच्या तळहातावर घेतला. कवडसा पडला तो रुपयासारखा गोल, कडेला कुठे शेपूट नाही. मी श्वास सोडला.

"आ करा."

बाबांनी आ केला. दरवेळी आरशाची परीक्षा बाबांच्या घशात व्हायची.

"घसा उत्तम. शिव्यांना अजून वीस वर्षं पुरेल. आता जरा माझ्याकडे बघा. माझ्याकडे. अहो, मी इकडे आहे."

बाबा त्यांच्या खांद्यापलीकडे बघत होते.

डॉक्टरांचा हात कपाळावरच्या आरशाशी तसाच राहिला. खोलीत एकदम सगळ्यांना काहीतरी काम सुचलं. हे दिव्याची वायर बघायला लागले. आई म्हणाल्या, "डॉक्टर, चहा तुमच्या उजव्या हाताला ठेवलाय हो." कप बाबांच्या उजव्या हाताला होता. मी नुसती उभी होते.

डॉक्टर जुने, जाणते. ते घसा खाकरून म्हणाले, "आरसा झकास हो. खोटं नाही सांगत, इतक्या वर्षांत असा आरसा तुम्ही मला दिला नव्हतात."

"असं?" बाबा म्हणाले. "द्या बघू इकडे."

डॉक्टरांनी आरसा सोडून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि त्यांचा अंगठा कडेवरून फिरला. एक फेरी. मग पुन्हा, सावकाश.

कड! बाबा काचेची कड दगडावर एकदा फिरवतात. मी दोनदा, कारण पहिल्या वर्षी कडेने माझं बोट कापलं होतं आणि तेव्हापासून ती खोडच लागली. आठवडाभर मी टाचणी सांभाळली, ठिपका सांभाळला, ठिपक्याची सरकण सांभाळली. आणि कड विसरले. जिथे डोळ्यांनी बघायचं होतं तिथे मी जपले. ज्यांना फसवायचं होतं ते बोटांनी बघतात, हे मला, रोज त्यांच्या पाठीला पाठ लावून बसणारीला, सुचू नये?

"सूनबाई," बाबा म्हणाले, "याचा ठिपका कुठे आहे?"

"मागे. खालच्या कडेला."

"बरोबर मध्ये?"

हो म्हणता आलं असतं. "नाही. बोटभर उजवीकडे."

"का?"

"तुमचा हल्ली तिथेच पडतो, बाबा."

"अस्सं." त्यांनी आरसा उलटा केला. "आणि हा कुणी दिला?"

हे वायरीत आणखी वाकले.

"मी."

"मग मध्ये द्यायचा होता. ज्याचा आरसा त्याचा ठिपका. नक्कल करायची ती माझ्या चांगल्या दिवसांची तरी करायचीस." त्यांनी आरसा मांडीवर ठेवला. "माझा कुठे टाकलास?"

"कपाटात आहे. लोकरी टोपीखाली."

"फारच कलला होता?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे? कारागिरासारखं बोल."

"टोकाची दोन टोकं होत होती, बाबा."

बाबा हसले. खरंच हसले, पोट हलेपर्यंत. मग डॉक्टरांच्या आवाजाच्या दिशेने म्हणाले, "पाचातला एक आरसा वाया जातो, डॉक्टर. उस्तादांचा जायचा, माझा जायचा, कुणाचाही जातो. गेल्या दोन वर्षांत माझा एकही गेला नाही. एकही! इतका चांगला कारागीर मी जन्मात कधी नव्हतो. पहिल्याच महिन्यात ओळखलं मी. म्हटलं, हिला वाटेल तेव्हा ही बोलेल. ही म्हणत बसली असणार, यांना वाटेल तेव्हा हे बोलतील."

मी पुसलेलाच बाक पुन्हा पुसायला घेतला.

"या आठवड्यात म्हटलं, एकदा आपला आपण करून बघू," बाबा म्हणाले. "झाला की नाही, एवढंच बघायचं होतं."

"बाबा, चष्म्याचा नंबर वाढला असेल," हे वायर सोडून म्हणाले. "बघू आपण पुढच्या—"

"नंबर नाही रे तो."

आई ह्यांच्यासाठी चहा घेऊन आतून येत होत्या. "हं, आला बाई उंबरा, माझे मेले—"

"अगं," बाबा म्हणाले, "उंबरा होता तिथेच आहे आणि तुझे गुडघेही. ये, बस इथे जवळ."

आई कपासकट बसल्या. बडबड एकदम थांबली तशी खोली मोठी वाटायला लागली.

मग बाबांनी आमच्यासमोर कधी न केलेली गोष्ट केली. ते एकटे असताना करतात, मी बोळातल्या आरशात पाहिलं होतं. त्यांनी मान वळवली, पार तिरकी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, आणि डोळ्याच्या कडेने मला शोधलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या कानावर नाही, माझ्यावर आली. आरसा त्यांच्या मांडीवर होता आणि बोट मधल्या भोकात.

"याला भोक असलं तरी चित्र पूर्ण येतं," ते म्हणाले. "डोळ्याचं तसं नसतं. मला दिसत नाही गं."